तीनशे फुटांवरचा ढग

माझ्याकडे एक मरून रंगाचा स्वेटर होता, तो मी फक्त मे महिन्यात घालत असे. गच्चीवर घातलेल्या कुरडया तासाभरात कडकडीत वाळायच्या, रिक्षाच्या सीटला हात लावला तर भाजायचा, अशा अंधेरीतल्या दुपारी मी पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि नीट घडी केलेला स्वेटर घेऊन कामाला निघत असे. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी एकदा न राहवून विचारलं, "तुम्हाला बारीक ताप वगैरे असतो का हो?" मी म्हटलं, "नाही, मी थंड हवेच्या ठिकाणी नोकरी करते." ते खरंच होतं.

ईशान, तू परवा फोनवर म्हणालास, "आजी, मोठं झालं की परीक्षा संपतात, हे बरं आहे." तुझी तिकडची परीक्षा चालू आहे आणि तुझ्या बहिणीची, तन्वीची, संपली आहे, त्यामुळे तू वैतागलेला होतास. मी हसले आणि विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी बसले होते. बाहेर मे महिना होता. झाडं हलत नव्हती. आंब्याच्या पेटीतला पेंढा स्वयंपाकघरभर झाला होता. मला आठवल्या त्या पन्नाशीच्या माणसांच्या परीक्षा, ज्यांच्या मिशा पिकल्या होत्या आणि परीक्षेच्या आधी ज्यांचे तळहात ओले होत. मी शिकवलेलं मराठी विसरला नसाल तर हे दोघांनी वाचा. अडलं तर तन्वी सांगेल.

तुमचा बाबा तेव्हा पहिलीत होता. ऐंशीच्या दशकाचा मध्य. विमानतळाच्या कुंपणाजवळ एका विमान कंपनीची प्रशिक्षणाची शेड होती, तिथे मी टायपिस्ट म्हणून लागले. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, शुद्ध टाइप करणारी आणि कागद हरवू न देणारी बाई त्यांना हवी होती. त्या शेडमध्ये चार पोलादी पायांवर उभी असलेली एक पांढरी पेटी होती. सिम्युलेटर. आत अगदी खरं कॉकपिट, पण खिडकीबाहेर जग नाही, फक्त धावपट्टीच्या दिव्यांचे ठिपके. पायांत तेल दाबलं की पेटी डुलायची आणि आतल्या माणसाला वाटायचं आपण उडतो आहोत. ती चालवणारे संगणक कपाटाएवढे होते आणि त्यांना उकाडा सोसत नसे. म्हणून तो स्वेटर.

दोन वर्षांनी पेटी चालवणारा माणूस सोडून गेला आणि तात्पुरतं म्हणून मला त्याच्या जागेवर बसवलं. ते तात्पुरतं सहा वर्षं टिकलं. वैमानिकांच्या पाठीमागे माझं छोटं टेबल, त्यावर बटणं आणि चक्र्या. वारा किती, कुठून, कुठलं इंजिन कधी बंद पडणार, ढग जमिनीपासून किती फुटांवर, हे सगळं परीक्षक सांगणार आणि मी ठेवणार. घरी मला दुधाची वेळसुद्धा बदलता येत नव्हती, आणि इथे आभाळ माझ्या दोन बोटांत होतं. सांगायला लाज कशाला वाटावी? मला ते फार आवडायचं.

पावसाळा तोंडावर आला की सगळ्या वैमानिकांची परीक्षा असे. जूनमध्ये खरे ढग येणार, त्याआधी मेमध्ये माझे. वर्सोव्याच्या वाडीत सुकट घालायचे आणि बोटी वर ओढायचे ते दिवस. आमच्या शेडमध्येही तशीच पावसाआधीची लगबग. एकेक जण जिन्यापाशी उभा राहून सिगारेट संपवायचा आणि आत यायचा. बोलके बोलायचे नाहीत, आणि जे एरवी गप्प असत ते मला मुलांची चौकशी करत.

त्या परीक्षेतला सगळ्यांत नावडता पेपर म्हणजे नॉन-प्रिसिजन अप्रोच. तुम्हाला सोपं करून सांगते. चांगल्या सोयीच्या धावपट्टीवरून दोन गोष्टी आभाळात पाठवल्या जातात: एक सरळ दिशा आणि एक उतार. त्या उताराला धरून यायचं. पण सगळीकडे उताराची सोय नसे. मग फक्त दिशा मिळते. इमारतीतले दिवे गेल्यावर आपण जिना उतरतो तसं. कठड्याला हात असतो, म्हणून भिंतीवर आपटत नाही. पण शेवटची पायरी कुठे आहे हे कठडा सांगत नाही. ते आपणच मोजायचं. अमुक मैलावर अमुक उंची. आणि एक किमान उंची ठरलेली. आमच्या परीक्षेत ती पाचशे फूट होती. पाचशेवर थांबायचं, सरळ जायचं, धावपट्टी दिसली तरच खाली. दिसली नाही तर पुन्हा वर.

आता ऑटोपायलट. त्या काळच्या ऑटोपायलटला दिशा धरता येई, ठरावीक वेगाने खाली जाता येई, आणि बटण दाबलं की आहे ती उंची धरता येई. एवढंच. पाचशे फूट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या कुकरला जसं भात झाला हे कळत नाही. तो शिट्ट्या देत राहतो, मोजायच्या आपण.

आमच्या शेडचा रिवाज असा की नॉन-प्रिसिजन हातानेच करायचा. कुठल्या पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं. पुस्तकं मीच टाइप केली होती, मला पान न् पान माहीत होतं. पण ऑटोपायलट लावला की मागून आवाज यायचा, "पाळण्यात बसून उतरणार का?" तो आवाज कॅप्टन मेहेंदळ्यांचा. मुख्य परीक्षक. उंच, ताठ, बूट आरशासारखे. त्यांच्या तरुणपणी एका विमानाच्या ऑटोपायलटने अचानक नाक खाली घातलं होतं, आणि त्यात त्यांचा जिवलग मित्र गेला होता. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे. मीही आधी घातला नाही.

माझ्या टेबलाशेजारी एक यंत्र कागदावर शाईने रेघ काढत असे. विमान कुठल्या उंचीवरून कुठे गेलं त्याची रेघ. नापास झालेल्याची रेघ फाइलला लागे. पास झालेल्याची टोपलीत. असा रिवाज. चांगला जाड कागद, एक बाजू कोरी. तो टोपलीत टाकायचा माझ्या जिवावर येई. विचारून मी तो घरी आणू लागले आणि तुमच्या बाबाने त्यावर बीजगणित केलं.

अशाच एका रविवारी त्याची गणितं तपासायला मी कागद जमिनीवर पसरले. पंख्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक आंबा ठेवला होता. काही कागद उलटे पडले होते, रेघ वर. आणि मला झोळ दिसला. जुन्या बाजेच्या सुतळीला येतो तसा. पाचशे फुटांवर रेघ आडवी व्हायला हवी, तिथे ती खाली लोंबत होती. तीस फूट, चाळीस फूट, एकीत तर सत्तर. मग वर ओढलेली. एका कागदावर नाही, बहुतेक सगळ्यांवर. पास झालेल्यांच्या!

मी सगळे कागद उलटे केले आणि तासभर तिथेच बसले. तुमचे आजोबा पेपर वाचत होते. म्हणाले, "आंबे खायचे असतात, मांडायचे नसतात."

कारण मला लगेच कळलं, कारण मी मागून रोज बघत होते. पाचशेच्या जवळ आलं की माणूस मान वर करतो, धावपट्टी शोधायला. मान वर गेली की हात किंचित पुढे जातो. प्रत्येकाचा. तो आळस नव्हता, बेफिकिरीही नव्हती. दोन हात, दोन डोळे, आणि कामं पाच. परीक्षक मागून बघत ते धावपट्टी सापडली का हे. झोळ शाईत उमटायचा आणि टोपलीत जायचा. सिम्युलेटरमध्ये चाळीस फुटांनी कुणी मरत नाही. पण ती मंडळी जूनमध्ये खरी माणसं घेऊन उतरणार होती.

आता अरविंद जाधव. घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत वाढलेला सहवैमानिक. वडील गिरणीतून बाहेर पडून रखवालदारी करत होते, आणि विमान उडवणारा मुलगा ही त्या सगळ्या चढणीची गोष्ट होती. बोलायला चुरचुरीत. आत येताना म्हणायचा, "काय मॅडम, आज आभाळ कसं काय? माणसात आहे ना?" त्या मेमध्ये तो पहिल्यांदा नापास झाला तो ऑटोपायलट लावून. खाली जायचा वेग ठरवला, आणि रेडिओवर बोलताना पाचशेला बटण दाबायचं विसरला. त्याची रेघ मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. पट्टीने मारल्यासारखी सरळ, पाचशेतून आरपार, थेट जमिनीत. दुसऱ्यांदा हाताने केलं आणि नव्वद फुटांचा झोळ पडला, मागे बसलेल्या परीक्षकालाही दिसावा एवढा. तिसऱ्यांदा नापास झाला असता तर उडणं बंद, नोकरी बंद.

तो जिन्यावर बसला होता. मी डबा उघडला आणि अर्धी पोळी त्याच्यापुढे केली.

"नको मॅडम. वाट लागली माझी."

"कशाने लागली ते सांग."

"हाताने उतरवू तर डोकं पुरत नाही. ऑटोपायलट लावू तर डोकं झोपतं."

"मग झोपू देऊ नकोस."

"कसं?"

"मोठ्याने बोल. दर मैलाला. घरी मी कुकरसमोर बोलते तशी. माझी मुलं हसतात, पण भात कधी करपला नाही."

त्याने हसून अर्धी पोळी उचलली. त्या आठवड्यात तो रोज दुपारी रिकाम्या कॉकपिटमध्ये बसून घोकायचा. चार मैल, तेराशे. तीन मैल, हजार. दोन मैल, सातशे. सहाशेला बोट बटणावर. पाचशेला दाबायचं. शेजारचा माणूस मान वर करणार, आपण नाही. ही पद्धत त्याने स्वतः बसवली. मी फक्त चुकलं की मागून "अहं" म्हणायची.

आमचा तंत्रज्ञ रेडकर मालवणचा. पायांतलं तेल तो बघायचा. त्याने मला बाजूला घेतलं. "बाई, तुमी गप रवा. ह्यां प्रकरण तुमका जड जातलां."

"रेडकर, तुम्ही पेटीचे पाय बघा."

"पाय बघतंय म्हणानच सांगतंय. तुमचे घसरतत."

मी कॅप्टन मेहेंदळ्यांच्या खोलीत गेले ती एकवीस कागद घेऊन. वीस टोपलीतले, एक नापासांच्या फाइलमधला. नावं कापलेली, तारखेनुसार लावलेले. टेबलावर ओळीने मांडले. ते एकेक कागद बघत गेले. एका कागदावर बोट ठेवलं. चाळीस फुटांचा झोळ.

"ही माझी आहे."

मला ते माहीत नव्हतं. वैमानिकाला आपली रेघ हस्ताक्षरासारखी ओळखू येते, हे तेव्हा कळलं.

"आणि ही सरळ?" त्यांनी शेवटचा कागद उचलला. "हा जाधव ना? पहिल्या वेळचा. ऑटोपायलटवर. थेट जमिनीत. मिसेस देसाई, तुमचाच पुरावा तुमच्या विरुद्ध आहे."

"म्हणूनच आणला. ऑटोपायलट मोजत नाही, ते माणसाने मोजायचं. पण हात मोकळे असले तर मोजता येतं. वीस जण हाताने आले आणि वीसही जण खाली गेले. एक यंत्राने आला आणि विसरला. विसरू नये हे शिकवता येईल. तिसरा हात कुठून आणणार?"

"तुम्ही कधी विमान उडवलं आहे का?"

"नाही. पण तुम्हा प्रत्येकाचं पडताना पाहिलं आहे."

मी बोलून गेले. त्यांनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या. माझ्याहून नीट. म्हणाले, "लावू दे त्याला ऑटोपायलट. पण मी तो मधेच बंद करायला सांगेन. कुठे, ते सांगणार नाही."

तुमच्या आजोबांच्या आईने मिक्सर घरात आला तेव्हा महिनाभर चटणीला हात लावला नव्हता. पाट्याची चव नाही म्हणे. ती चव काढायला पाट्यावर वाकत होते मी. हे मला त्या सबंध आठवड्यात सारखं आठवत होतं, पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना. हाताने करणं म्हणजे खरं करणं, असं सांगणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो: हात कुणाचा? आणि इथे तर हात त्यांचाच होता, चाळीस फूट खाली गेलेला, तरी ते मानायला तयार नव्हते. त्यांचा मित्र गेला होता, ते मी विसरले नव्हते. पण एका मेलेल्या माणसाच्या प्रेमापोटी जिवंतांना झोळ द्यायचा, हे मला पटत नव्हतं. आजही पटत नाही.

परीक्षेच्या दिवशी मेहेंदळ्यांनी मला चिठ्ठी दिली. वारा दक्षिणेकडून. ढग तीनशे फूट. म्हणजे पाचशेवर थांबलेल्याला धावपट्टी दिसणारच नव्हती. योग्य उत्तर एकच होतं, पुन्हा वर जाणं. मी चक्री तीनशेवर ठेवली.

अरविंद आत आला. आज आभाळाची चौकशी नाही. बसल्यावर शेजारच्या वैमानिकाला, मेहेंदळ्यांना ऐकू जाईल असं, त्याने आपला बेत सांगितला. ऑटोपायलटवर येणार. दर मैलाला उंची मोठ्याने. "आणि किमान उंचीच्या आधी ऑटोपायलट गेला, बाहेर काही दिसत नसलं, तर मी थांबणार नाही. वर जाणार." मेहेंदळे मागे होते. सगळं ऐकत होते.

पेटी हलली. समुद्रावरून आत. चार मैल, तेराशे. त्याचा आवाज कोरडा होता. तीन मैल, हजार. माझी शाईची सुई कागदावर उतरत होती, सरळ, शांत. मेहेंदळ्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. मी बटण दाबलं. ऑटोपायलट गेला, धोक्याची घंटा वाजली, नाक किंचित हललं. काचेबाहेर नुसता करडेपणा. अरविंदने एक श्वास घेतला. मग दोन्ही इंजिनांचे दांडे पुढे, नाक वर, आणि स्वच्छ आवाजात, "वर जातोय."

रेघ आठशेपाशी वळली आणि चढत गेली. झोळ नव्हता.

तो खाली उतरून गेल्यावर मेहेंदळे माझ्या टेबलाशी उभे राहिले. परीक्षेच्या फॉर्मवर ढगांच्या उंचीचा रकाना माझा, शेरा आणि सही त्यांची.

"यंत्र गेलं म्हणून पळाला," ते म्हणाले. "हाताने पाचशेपर्यंत आणायला हवं होतं. उद्या खरंच यंत्र गेलं तर? ढग किती लिहिलात?"

"तीनशे."

"सहाशे लिहा."

मी वर पाहिलं. सहाशे म्हणजे पाचशेच्या आधीच धावपट्टी दिसली असती. सहाशे म्हणजे अरविंद घाबरून पळाला, नापास.

"तुम्ही तीनशे सांगितलंत."

"मी आता सहाशे सांगतोय. मिसेस देसाई, हा पास झाला तर उद्या प्रत्येक जण बटणांवर उडेल. तुम्हाला कळत नाही तुम्ही काय उघडून ठेवताय." आवाजात राग नव्हता. आवाज थकलेला होता, आणि ते जास्त कठीण होतं.

"ढग मी ठेवला होता," मी म्हटलं. "माझ्या हाताने. तीनशेवर. रकान्यात तीनशेच लिहीन. शेरा तुमचा आहे, तुम्हाला हवा तो मारा. पण तीनशेच्या खाली सही करून मारा."

संगणकांची घरघर चालू होती. त्यांनी रेघेचा कागद उचलला, जवळ नेला, जिथे ती आठशेपाशी वळली होती तिथे अंगठा फिरवला. मग खिशातून पेन काढलं आणि लिहिलं: पास. सही केली. टोपण लावलं.

"सोमवारपासून तुम्ही वरच्या मजल्यावर, लायब्ररीत," ते म्हणाले. "या खोलीत मला तुम्ही नकोत."

"ठीक आहे."

"एवढंच?"

"तिथेही मी तीनशेला तीनशेच लिहीन."

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. अरविंद कुंपणाजवळच्या टपरीवर उभा होता. रेडकरने त्याला निकाल आधीच सांगितला होता, आणि माझी बदलीही. तो तावातावाने पुढे आला. "मॅडम, हे काय? मी आत्ता जाऊन बोलतो सरांशी."

"खबरदार. तुला उडायचंय."

"पण तुमची चूक काय?"

"काही नाही. म्हणून तर तू बोलायची गरज नाही."

त्याला ते पटलं नाही. तो पाया पडायला वाकला, मी मागे सरकले, रस्त्यात कसले पाया पडतोस रे, म्हणून ओरडले. पुढे तो विमानाचा कमांडर झाला. आता जगभर नॉन-प्रिसिजनला ऑटोपायलट वापरा असंच सांगतात, असं ऐकते; मला त्या आंब्यांच्या रविवारीच कळलं होतं, आणि हे सांगताना मी मुळीच विनय दाखवणार नाही. लायब्ररीत मी निवृत्तीपर्यंत होते. ती पेटी पुन्हा चालवायला मिळाली नाही. त्याचं दुःख होतं, खोटं कशाला सांगू? आभाळ हातातून जाणं ही लहान गोष्ट नव्हे.

त्या संध्याकाळी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला. भला माणूस होता, माझ्या काळजीनेच बोलला.

"अगं, एक शब्द बोलली असतीस तर राहिली असतीस. माफी मागायला काय जात होतं?"

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

ते विचार करू लागले. बराच वेळ केला. जेवण झालं, भांडी झाली, अंथरुणं घातली, तरी त्यांना उत्तर सुचलं नाही. अजून कुणालाच सुचलेलं नाही.